एक डोकं कमी पडलं

व्हर्ना टेस्डालने आमच्या प्रभागाची पक्षसभा इतकी वर्षं चालवली, की हे काम दुसरं कोणी करू शकेल हे आम्ही विसरूनच गेलो होतो. एरवी ती घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. गावातल्या निम्म्या बायका तिच्याकडे केस करून घ्यायच्या. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे तिला सगळं कळायचं, पण ती स्वतः कोणाच्या बाजूची आहे हे कोणालाच कळत नसे.

देशाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडताना आमच्या आयोवात तेव्हा चिठ्ठ्या टाकत नसत. ऐन थंडीत संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या घोळक्यात जाऊन उभं राहायचं. ज्या घोळक्यात हजर लोकांपैकी पंधरा टक्केही नसतील तो बाद. मग थोडा वेळ इकडून तिकडे जायची मुभा, आणि शेवटी पक्की मोजणी. त्यावरून जिल्ह्याच्या सभेला जाणारे प्रतिनिधी ठरत. व्हर्नालाही मत द्यायचा हक्क होता, पण ती कुठल्याच घोळक्यात उभी राहत नसे. मोजणाऱ्याने लांब राहावं, एवढंच म्हणायची.

त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ डेल्बर्ट एका फारशा कोणाला माहीत नसलेल्या सिनेटरसाठी झपाटून कामाला लागला होता. दुखरा गुडघा घेऊन तो हिवाळाभर शेतांवरच्या घरांची दारं ठोठावत हिंडला. सभेत त्याच्या घोळक्याला एकवीस माणसं लागत होती. पहिल्या खेपेला सोळाच होती. त्याने हातापाया पडून, चेष्टा करून, जुनी ओळख काढून पाच जण ओढून आणले. त्यातला एक म्हातारा ऑर्व्हिल हागेन. ऑर्व्हिलची बायको अंथरुणाला खिळलेली. तिच्या औषधाची वेळ झाली तसा तो डेल्बर्टला सांगून घरी गेला, लगेच येतो म्हणाला.

तो यायच्या आत वेळ संपली. व्हर्नाने तसं जाहीर केलं आणि मोजत फिरली. डेल्बर्टकडे वीस भरले.

डेल्बर्ट म्हणाला, "ऑर्व्हिल आमचाच आहे. सगळ्यांनी बघितलंय त्याला इथे."

"मोजताना तो नव्हता," व्हर्ना म्हणाली.

"अगं, बायकोला औषध द्यायला गेलाय तो. दारू प्यायला नाही गेला."

"माहितीये मला."

पलीकडच्या मोठ्या घोळक्याची पुढारी जोलीन म्हणाली, "आमचा एक कमी पडला असता तर तू सोडलं असतंस का रे, डेल्बर्ट?" काही जण हसले.

डेल्बर्ट बहिणीच्या जवळ गेला. मी शेजारीच उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. "मग तू ये. तुला मत आहे ना? एक पाऊल टाक, बास."

"वेळ संपलीय. मीच सांगितलंय."

डेल्बर्टचा घोळका बाद झाला आणि त्यांना मिळाला असता तो प्रतिनिधी जोलीनच्या घोळक्याला गेला. लोक खुर्च्या आवरत होते तेव्हा ऑर्व्हिल टोपीवरचा बर्फ झटकत आत आला आणि झालं का म्हणून विचारू लागला.

डेल्बर्टच्या लोकांनी जिल्हा समितीकडे तक्रार केली. व्हर्ना जोलीनला फितूर होती असं उघड बोललं जाऊ लागलं, आणि जोलीन जिथे तिथे तिची तारीफ करत सुटल्यामुळे ते खरंही वाटू लागलं. डेल्बर्टची बायको जॉइस केसांसाठी शेजारच्या गावी जाऊ लागली. तिच्यामागून आणखी काही जणी गेल्या. दुपारी पार्लर रिकामं राहू लागलं. व्हर्नाने कोणाला खुलासा दिला नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, दमलेय रे, आता नको.

मार्चमध्ये सुनावणी झाली. व्हर्नाची नजर अधू झाली होती म्हणून गाडी मी चालवली. समितीतल्या एका तरुण वकिलाने तिला सभ्यपणे विचारलं, "तुमचा स्वतःचा कल कोणाकडे होता?"

तिला उत्तर द्यायची सक्ती नव्हती. तिने चष्मा काढून पुसला आणि सिनेटरचं नाव घेतलं. डेल्बर्टच्याच.

"कधीपासून?"

"नाताळपासून. डेल्बर्ट जेवताना जे बोलला ते मला पटलं होतं."

डेल्बर्टने मान खाली घातली ती वर केलीच नाही. समितीने मोजणी कायम ठेवली. तसाही त्याचा काही उपयोग उरला नव्हता. सिनेटरने त्याच आठवड्यात माघार घेतली होती.

बाहेर गाड्यांजवळ डेल्बर्ट आला. "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू मला आधीच तुझ्याकडे ओढलं असतंस."

"ओढलंच असतं."

"मग मोजलं कोणी असतं?"

"कोणीही," तो म्हणाला. रागाने नाही, थकून म्हणाला. "कोणीही मोजलं असतं, व्हर्ना."

परतताना गाव जवळ आल्यावर व्हर्ना म्हणाली, वेळ संपल्याचं सांगायच्या आधी तिने दाराकडे बघितलं होतं, ऑर्व्हिल येतोय का म्हणून. एकदा नाही, दोनदा. मोजणाऱ्याने अशी कोणाची वाट बघायला नको होती, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, त्यात काय एवढं. ती म्हणाली, तुला नाही कळायचं.

उन्हाळ्यात तिने सभेचं काम सोडलं. ते जोलीनने घेतलं आणि पहिल्याच बैठकीत तिचं चौघांशी भांडण झालं. आईच्या थडग्याचा दगड कलला, त्या निमित्ताने बहीणभाऊ पुन्हा बोलू लागले. आता डेल्बर्ट रविवारी येतो, तिने केलेली मांस-बटाट्याची हॉटडिश खातो, तिच्या अंगणातलं गवत कापून देतो. राजकारणाचा विषय मात्र दोघंही काढत नाहीत. जॉइस अजून शेजारच्या गावीच केस करून घेते.