कुंकू लागलेली गिरणी

दोन वर्षं झाली, आईच्या भाकरीचे व्हिडिओ मी मोबाईलवर काढते. ती थापते, मी फोन धरते. कसबा बावड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात चांगला उजेड दहापर्यंतच असतो, म्हणून कॉलेजला जायच्या आधी उरकतो. त्यातून पैसे म्हणावे तसे कधी आले नाहीत. कुणी मसाल्याची पाकिटं पाठवायचं, कुणी तवा.

यंदा एका कंपनीने घरगुती पिठाची गिरणी पाठवली. दोन व्हिडिओ करायचे आणि गिरणी आपली, असं ठरलं होतं. आईला ती किती हवी होती हे मला माहीत होतं. "गल्लीतली दळणं घीन," म्हणायची, "दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणं तरी सुटंल."

गिरणी आली तेव्हा तिने दारातच नारळ फोडला. पांढऱ्या झाकणावर ओल्या हळदीने स्वस्तिक काढलं, वर कुंकू लावलं. आमच्याकडे साधी सायकल आली तरी पूजा होते. पहिला व्हिडिओ मी त्याचाच केला.

चौथ्या दिवशी कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. आवाजावरून माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात.

"पूजेचा व्हिडिओ छान झालाय," त्या म्हणाल्या. "पण एक राहिलं. गिरणी अठ्ठावीस हजारांची आहे. वीस हजारांच्या वरची वस्तू ठेवून घेतली की ती तुमची कमाई धरतात. त्यावर दहा टक्के कर. अठ्ठावीसशे पाठवा, आम्ही तुमच्या पॅनवर भरतो."

"पण मॅडम, पैसे तर मिळालेच नाहीत."

"म्हणूनच मागावे लागतात. पैसे दिले असते तर त्यातूनच कापले असते." मग म्हणाल्या, "नाहीतर परत पाठवा. परत केली तर कर नाही. वापरलेली चालेल, फक्त डाग नकोत."

मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. करकपातीची व्याख्या मी परीक्षेत न चुकता लिहिली होती. ती आमच्या स्वयंपाकघरात येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. तू विवरणपत्र भर. तुझी कमाई एवढी कमी आहे की सगळे परत मिळतील. पण ते पुढच्या वर्षी."

गिरणीबद्दल फोन आलाय एवढंच आईला ठाऊक होतं. घरी येऊन कर, परत पाठवणं, डाग, सगळं तिला सांगितलं.

"म्हंजे फुकट दिल्याल्या वस्तूचं बी पैसं?"

"व्हय."

"आनि वर्सानं सरकार ते परत देनार?"

"अर्ज केला तर."

"मग घेतंय तरी कशाला?"

सरांनी सांगितलेलं पुन्हा सांगायला लागले, पण मध्येच थांबले.

माझ्याकडे तीन हजार होते. फोनची काच तडकली होती, ती बदलायला साठवलेले. आईला ते ठाऊक होतं. ती फडकं ओलं करून झाकण पुसायला लागली. कुंकू निघालं. हळद फिकी झाली, निघेना. साबण झाला, लिंबू झालं.

"दिऊन टाक परत," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "फोन पायजे तुला. भांगलायला काय, जातोयच की."

ती घासत होती, मी बघत उभी राहिले. डाग आता फिकट पिवळा उरला होता. आणखी घासलं असतं, उन्हात ठेवलं असतं, तर कदाचित निघालाही असता. मला खात्री नाही.

"न्हाय निघत त्यो," मी म्हटलं. "ऱ्हाऊ दे."

फोन उचलला आणि अठ्ठावीसशे पाठवून दिले. पैसे गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही, नुसतं बसून राहावंसं वाटलं.

मॅडमचा फोन आल्यापासून आईने गिरणीवर जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं आणि कुणाचं दळण घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू जोंधळ्याचा डबा घेऊन दारात आल्या.

"काय वैनी, कारखाना बंद का चालू?"

आई हसली नाही. लुगड्याचं टोक हातात धरून तिने माझ्याकडे बघितलं.

"दळू न्हवं आता?"

"दळ की," मी म्हटलं.