बिअर माझी, बीफ चाचांचं

"जीभ आण इकडे, घाटावरच्या."

काही चाखायचं असलं की चाचा अशी हाक मारायचे आणि मी हातातला कांदा टाकून धावायचो. दोह्यात, वेस्ट बेमधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी भाजी चिरायचो आणि ते मांसाचे उस्ताद. मूळचे रत्नागिरीचे. त्यांनी टोपाकडे नुसते डोळे वटारले तरी आतलं हाड मऊ पडायचं. मी पाहिलंय, तुमचा विश्वास बसत नसेल तर तुमचं नशीब.

एकदा आमचे बेल्जियमचे बडे शेफ चाचांना म्हणाले, माझ्या गावासारखा बिअरमध्ये शिजवलेला बीफ स्ट्यू करून दाखव, बिअर तूच निवड. जमलं तर बढती. बढती म्हणजे फॅमिली व्हिसा, आणि व्हिसा म्हणजे चाची दोह्यात. लग्न झाल्यापासून चाचांचा निम्मा संसार फोनवरच चालला होता.

अडचण एवढीच, की चाचा दारूच्या थेंबाला शिवत नव्हते आणि मी बीफला. बिअर चाखणार मी, मांस चाखणार ते. दोन्ही एका टोपात पडल्यावर चाखणार कोण?

मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशा दोन बोटांत धरून चाचांनी बाटल्या मांडल्या. मी प्रत्येकीचा घोट घेतला, एकीचा जरा मोठाच, आणि सगळ्यांत कडवट होती तिच्यावर बोट ठेवलं.

"प्यायला बरी ती सांगू नकोस," चाचा म्हणाले. "शिजवायला बरी ती सांग."

मग त्यांनी मांसाऐवजी बटाटे आणि कांदा घालून त्याच बिअरचा रस्सा आटवला आणि चमचा माझ्यापुढे धरला. कारल्याने लाजून वेल सोडावा इतका कडू. माझं वाकडं झालेलं तोंड संध्याकाळपर्यंत सरळ होईना. चाचांनी ते तोंड पाहूनच टोप ओतून टाकला आणि काळी, गोडसर, भाजल्या धान्याच्या वासाची बाटली फोडली. तिच्या रश्श्याचा मी दुसरा चमचा मागितला.

"खलास," चाचा म्हणाले. "हीच."

खरा स्ट्यू आम्हा दोघांपैकी कुणीही न चाखताच बाहेर गेला. शेफसाहेबांनी पावाने ताटली अशी पुसली की तिच्यावरची नक्षी तेवढी उरली. मग चाचांना विचारलं, तुला कसा लागला?

"निम्मा मला ठाऊक आहे साहेब," चाचा म्हणाले. "निम्मा ह्याला."

बढती मिळाली ती मुशैरिब भागातल्या, आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या हॉटेलात. चाचीही आल्या. चाचांच्या जागी आलेला आचारी सगळं स्वतःच चाखतो. काम झटपट उरकतं. कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही.