नांदणारी झाडं

पाण्यातून काढलेलं झाड मामा मुळाशी दोन बोटांत धरायचे, खिडकीच्या उजेडात फिरवायचे, पानावर नखाने एक टिचकी मारायचे आणि निकाल द्यायचे, "ही न्हाई नांदायची, बाई." त्या निकालावर अपील नव्हतं.

बेलापूरजवळच्या एका गावात हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. मूळचे पाथर्डीकडचे, शिक्षण चौथी. पोरांपासून मास्तरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. प्रयोगशाळेत माशांची दोन फुटी काचेची टाकी होती आणि ती पूर्णपणे मामांच्या ताब्यात. पगारपत्रकावर त्यांचं नाव सगळ्यांच्या खाली असे, पण टाकीला हात लावायचा तर मीसुद्धा त्यांना विचारून लावत असे. असा एखादा माणूस तुमच्याही शाळेत असेल, आठवून बघा.

रविवारी सायकल काढून ते कालव्याच्या कडेने हिंडायचे आणि ओल्या फडक्यात झाडं गुंडाळून आणायचे. आणलेलं झाड थेट टाकीत कधी जात नसे. आधी आठ दिवस घमेल्यात. "आधी पाहुणचार, मग सोयरीक," असं त्यांचं शास्त्र. त्या आठ दिवसांत जळवा निघायच्या, गोगलगाईंची अंडी निघायची, सडणारं सडून जायचं. उरेल त्यातून निवड. हायड्रिला पसंत: "कष्टाळू हाय, कुठंबी राबती." रिबिनीसारख्या लांब पानांचं गवतही पसंत, पण मागच्या काचेला. एका मुलीने हौसेने कमळाचा कंद आणला, तर तिची समजूत काढली, "ही लई मोठ्या घरची, माय. आपल्या दोन फुटांत तिचं भागायचं न्हाई." जलपर्णीच्या निळ्या फुलाला आम्ही सगळे भुललो. मामा भुलले नाहीत. "महिनाभरात समदं घर आपल्या नावावर करून घेईल," म्हणाले आणि उकिरड्यावर टाकून आले.

एकदा मुख्याध्यापक पुण्याहून लालचुटूक पानांची झाडं घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती.

"ठेवतो घमेल्यात," मामा म्हणाले.

"अहो, साहेब उद्या येणार आहेत."

"मग सायबांना आठ दिवसांनी बोलवा."

मुख्याध्यापकांनी बाह्या सरसावून स्वतःच्या हाताने ती झाडं लावली. साहेब खूश होऊन गेले. पाचव्या दिवशी देठ सडले, पाणी दुधासारखं झालं आणि दोन मासे उलटे तरंगले. मामांना निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला. त्यांनी खाली लिहिलं, 'झाड कुंडीतले होते. पाण्यात बुडवून मारले. मासे फुकट मेले.' आणि ठसठशीत सही केली.

"मामा, एवढं कशाला लिहायचं?" मी म्हटलं.

"खोटं हाय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. शाळेची विहीर आटली. टँकर येई त्यातून शाळेत प्रत्येकाला दिवसाला दोन तांबे पाणी मिळे. मुख्याध्यापक प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, "टाकी रिकामी करा. माणसांना प्यायला नाही आणि आपण मासे पोसतोय. आत प्लॅस्टिकची झाडं मांडू, शोभा तेवढीच राहील." मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, हे कबूल करते.

मामा शांतपणे म्हणाले, "दिवाळीपासून ह्यातलं पानी बदललं न्हाई, सर. मासळीची घान ही झाडं खातेत, म्हनून तर निवडून लावली. उडून जातं तेवढंच घालावं लागतं. रोजचा एक तांब्या."

"तो तांब्या कुणाच्या वाट्याचा?"

"माझ्या. दोनातला एक."

मामांचे ओठ फुटलेले का दिसतात, ते मला त्या क्षणी कळलं. इतके दिवस मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"पाणी शाळेचं आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"माझ्या तांब्यात पडलं की माझं. मी प्यावं का माशाला पाजावं, ते मी ठरवीन."

"मी तुम्हाला हुकूम देतोय."

"टाकी मी रिकामी करनार न्हाई. बदली करा, न्हाईतर काढून टाका."

आवाज चढला नव्हता. मी समोरच बसले होते आणि वह्या तपासण्याचं नाटक करत होते. एक शब्द बोलले असते तर काही फरक पडला असता की नाही, कोण जाणे. पण बोलले नाही.

आठवड्यात बदली झाली, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, पार तिकडे पूर्वेला. तिथे तर इथल्याहून कोरडं. मामा एक वळकटी घेऊन एस.टी.त बसले. मला एवढंच म्हणाले, "हायड्रिला वर आली की खुडत जावा, बाई." त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वाट्याचा तांब्या टाकीत ओतला. ओतताना मुख्याध्यापक दारात उभे होते. आज भांडायचंच, असं ठरवून आले होते. उत्तरं पाठ करून ठेवली होती. माणसाच्या वाट्याचं पाणी त्याचं असतं, इथपासून सगळी.

मुख्याध्यापक हसले. "बाई, तुमची हौस दांडगी आहे," म्हणाले आणि निघून गेले.

मी रिकामा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. तेच पाणी, तेच मासे, तीच झाडं. मामांनी केलं तो उद्धटपणा होता, मी केलं ती हौस ठरली. त्या वर्षी टाकी जगली. मला बदलीचं पत्र कधीच आलं नाही आणि त्याची लाज मला अजून वाटते.