नातीशी भांडायचं इंग्रजी

आमचं कॉलेज म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. त्यातल्या मधल्या खोलीत मी संध्याकाळी ‘इंग्रजी व संवादकौशल्य’ शिकवते. येणारी बहुतेक पोरं नोकरीसाठी येतात, काही घरच्यांनी हाकलली म्हणून येतात. माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. उशिरा आलेल्याला मी दारातच धारेवर धरते.

त्या मधल्या खोलीत एक दिवस रफूवाल्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनच्या दुकानात खिडकीपाशी स्टुलावर बसून त्या फाटलेले कोट आणि स्वेटर रफू करायच्या. माझीच एक शाल त्यांनी अशी जोडली होती की फाटली कुठे होती ते मलाही सापडेना.

“मावशी, या वयात इंग्रजी कशाला हो?” मी विचारलं.

“नातीशी भांडायचंय.”

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. मुलगा परदेशात, सून तिकडचीच, पाच वर्षांच्या नातीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. दर रविवारी मुलगा पोरीच्या हातात फोन द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचा. मग आजी मराठीत बोलायची, नात इंग्रजीत, अधूनमधून दोघी नुसत्याच हसायच्या. दोन महिन्यांपासून मात्र पोरगी फोनवरच येत नव्हती.

“मुलाला विचारलं, तर म्हणतो, ‘आजी खोटं बोलते असं म्हणते ती. लहान आहे, विसरेल.’ अहो मॅडम, मला धड खरं बोलता येत नाही इंग्रजीत, खोटं कुठून बोलणार? काय खोटं बोलले ते कळलं की नीट भांडीन आणि मग गोडी करीन. दुसरं आहे कोण मला?”

शेवटचं वाक्य त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी त्यांचं नाव लिहून घेतलं.

त्या मागच्या बाकावर बसत. हजेरीला “प्रेझेंट!” असं ठणकावून म्हणत की पोरं दचकत. एकदा मी म्हटलं, “मावशी, हळू.” तर म्हणाल्या, “दिवसभर तोंड मिटलेलं असतं. दुकानदार चिठ्ठी लावून कपडे ठेवतो, घरी गेलं की कुलूप. एवढं एकच ठिकाण आहे जिथं माझं नाव घेतात. म्हणू द्या की!” पुन्हा काही मी त्यांना टोकलं नाही.

शिकण्यात त्या कच्च्या होत्या. ‘शी’ आणि ‘ही’ यांची कायम गल्लत. ‘आय डोंट नो’ हे मात्र पहिल्याच आठवड्यात पाठ झालं, कारण मी प्रश्न विचारला की तेच कामाला यायचं.

मग तो फोनवरच्या संभाषणाचा तास आला. दोघादोघांनी उठून खोटाखोटा फोन करायचा होता. मावशींची पाळी जवळ आली आणि त्या पिशवी उचलून उठल्या. “मॅडम, आय ॲम कमिंग,” म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील. त्यांच्यासाठी मी पाळी राखून ठेवली, पोरांना ताटकळत बसवलं. मावशींचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोफ डागली. “सगळा वर्ग खोळंबला तुमच्यासाठी! जायचं तर सांगून जायचं ना!”

“सांगून तर गेले! दुकानदाराला किल्ली द्यायची होती.”

“तुम्ही म्हणालात, आय ॲम कमिंग. म्हणजे आत्ता येते. मी दाराकडे डोळे लावून बसले!”

“मग? निघताना येते म्हणायचं नाही तर काय? जाते असं कुणी आपल्या तोंडाने म्हणतं का, मॅडम?”

पोरं खो-खो हसली. मीही हसणार होते. पण मावशी मटकन बाकावर बसल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

“फोन ठेवताना मी दर वेळी हेच म्हणायचे तिला,” त्या म्हणाल्या. “आय ॲम कमिंग.”

दर रविवारी आजी येते म्हणते आणि येत नाही. पाच वर्षांच्या पोरीने तरी किती दाराकडे बघायचं?

“पण खरंच जाणार आहात का तुम्ही तिकडे?” मी विचारलं.

“कुठली जातेय! मुलगा बघू म्हणतो. सून कधी ये म्हणाली नाही. गुडघे तर कधीचे नाहीच म्हणतात.” मग वही उघडून म्हणाल्या, “खरं काय ते शिकवा.”

मी त्यांना साधं, सरळ वाक्य शिकवलं. शिकवताना माझ्याच जिवावर आलं.

रविवारी आम्ही दोघीच त्या खोलीत बसलो. खाली टायरचं दुकान बंद होतं. मुलाला त्यांनी फोनवर सगळं समजावलं. पोरीची समजूत काढायला त्याला वेळ लागला, तोवर मावशी ओठांतल्या ओठांत वाक्य घोकत होत्या. पोरगी आली. मी फोन स्पीकरवर टाकला.

“आय ॲम नॉट कमिंग,” मावशी म्हणाल्या. एकही चूक नाही.

पलीकडून बारीक आवाजात, “नेव्हर?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “कधीच नाही का, असं विचारतेय,” मी कुजबुजले.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “आय डोंट नो,” म्हणाल्या.

“ओके,” पोरगी म्हणाली, आणि सुटली की! पडलेला दात, शाळेतला ससा, कुणीतरी ढकललेलं. मावशींना चार आणेसुद्धा कळलं नसेल, पण त्या “येस, येस” करत सगळ्या अंगाने ऐकत होत्या. भांडण राहूनच गेलं.

शेवटी पोरगी म्हणाली, “आय ॲम कमिंग, आजी!” आणि फोन बंद झाला.

फोन हातातच धरून मावशींनी विचारलं, “मॅडम, हे कसं धरायचं? तिच्या इंग्रजीतलं, की माझ्या मराठीतलं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं मला. पण खोट्यापायीच तर सगळं झालं होतं.

“तुमच्या मराठीतलं, मावशी.”

“हं. वाटलंच मला.” त्यांनी फोन पिशवीत ठेवला आणि नाक पुसलं. “बघा, एवढंच शिकली माझ्याकडून. पण बरोबर शिकली पोरगी.”