श्रावणीच्या वजनाचा त्रिशूळ

माझी थोरली जाऊ वनमाला बोलण्यात कुणाला हार गेली नाही. अडकली ती फक्त महादेवासमोर. छत्तीसगड राज्य झालं त्याच थंडीत माझी श्रावणी जन्मली, ती मूठभर. डॉक्टर काही धड सांगेनात, तेव्हा वनमालावहिनीनं आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या शंकरापुढे हात जोडले. "पोट्टी वाचू दे. तिच्या वजनाचा त्रिशूळ मी स्वतः खांद्यावर घेऊन चौरागड चढीन."

चौरागड म्हणजे पचमढीजवळचा डोंगर. शिवरात्रीला आपली विदर्भाकडची माणसं तिथं त्रिशूळ वाहतात. पोरगी वाचली, देवाची कृपा. पण कधी वहिनीचा गुडघा, कधी नणंदेच्या घरचं लग्न, असा नवस लांबत गेला. आणि इकडे श्रावणी तूपभात खात गेली.

"अवं, जन्मली तेव्हाच्या वजनाचा कर ना," तिचे यजमान, माझे थोरले दीर, यशवंतराव भाऊजी म्हणाले.

"तेव्हाच्या, असं म्हटलं होतं का मी? आता महादेवासंग वकिली करू?"

वकिली नाही, पण चलाखी केली. श्रावणीचं राहिलेलं जावळ आधी उतरवलं, पैंजण काढले, सकाळचं दूधही न देता तिला लोहाराच्या काट्यावर बसवलं. "देवाचं काम उपाशीपोटीच करतात," असं वर मलाच सुनावलं. तरी पारडं धाडकन खाली गेलं. भाऊजी मिशीत हसले. का हसले ते तेव्हा कळलं नाही.

वहिनीची साठवण त्या लोखंडातच गेली. आता पाठीवरचं सामान हलकं हवं, आणि जवळजवळ फुकटात. त्रिशूळाला दुसऱ्याचा हात लागला की नवस मोडला, हे तिचं स्वतःचं कलम. तिनं रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा मागून आणला आणि आम्ही सदर बाजारात गेलो. दुकानदारानं आत लोखंडी पट्ट्या घातलेली, चेनच चेन असलेली सॅक काढली. वहिनीनं ती सरळ काट्याला टांगली.

"अगं बाई, रिकामीच श्रावणीच्या पायाएवढी भरली!"

"दीदी, मजबूत है. जिंदगीभर चलेगी."

"जिंदगी हम चला लेंगे, भैया. हमको पहाड़ चढ़ना है."

भाऊजींनी हट्टानं तीच सॅक स्वतःसाठी घेतली.

वहिनी गेली छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे. मोडक्या छत्र्यांचं कापड उचललं, घरच्या मशीनवर पिशवी शिवली, तिच्या मुलाच्या, विशालच्या, जुन्या दप्तराचे पट्टे लावले. सगळी काळी, मधेच एक पाकळी गुलाबी फुलांची. अंथरायला नव्या गादीवरचं प्लास्टिक, पांघरायला नायलॉनची साडी, पाण्याला कोल्ड्रिंकची बाटली. स्वेटर अंगावरच. स्वयंपाकाचं काय, विचारलं तर म्हणाली, "शिवरात्र आहे. उपासाले काय वजन असते?" शेंगदाणे आणि गूळ, बस्स.

भाऊजींनी थर्मास, उशी, रेडिओ, पितळी तांब्या, सगळं सॅकमध्ये कोंबलं. "पाऊस आला तर तुझी पिशवी उघडून डोक्यावर धर," असा टोमणाही मारला.

गाड्या बदलत पिपरिया, तिथून पचमढी. चढायला लागलो. श्रावणी माझ्या कडेवर. "हर बोला महादेव" म्हणत वहिनी खरंच जोरात निघाली. पण पायऱ्या लागल्या तसा त्रिशूळ खांद्यात रुतायला लागला. मधेच ती मटकन बसली. खांदा लालभडक, डोळ्यांत पाणी.

"आण इकडं," भाऊजी हात पुढे करत म्हणाले.

"हात नका लावू!"

मी मनात महादेवाचं नाव घेतलं. वहिनीनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं पिशवी उघडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारमारून शेंगदाणे-गूळ वाटून टाकला. साडी कमरेला गुंडाळली, बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं. पिशवीत ते गादीचं प्लास्टिक उरलं. त्याच्यासकट पिशवीची जाड घडी केली, खांद्यावर ठेवली, वर त्रिशूळ घेतला.

"तुमच्या सॅकची होते का अशी उशी?" असं विचारून ती उठली, आणि थांबली ती देवापुढेच. त्रिशूळ टेकवला, माथा टेकला. मलाही हुंदका आवरेना.

भाऊजी बऱ्याच वेळानं, सॅकखाली वाकून, धापा टाकत आले. त्यांना बघून श्रावणी टाळ्या पिटत ओरडली, "मोठेबाबा, केळी! काट्याच्या दिवशीसारखी केळी द्या ना!"

वहिनीनं मान वळवली. "काट्याच्या दिवशी?"

"दोनच दिली होती," भाऊजी पुटपुटले. "उपाशी होती पोट्टी."

"म्हणजे दोन केळ्यांचं लोखंड मी फुकट वाहून आणलं?"

"अवं, गंमत..."

वहिनीनं श्रावणीला माझ्या कडेवरून घेतलं आणि त्यांच्या सॅकवर, थेट मानेशी, नेऊन बसवलं.

"चला अजी, उतरा आता. हिचं वजन तुमच्याइतकं कोणाले ठाऊक नाही."