ही बाई नको

त्या दिवशी सोमवार होता. संस्थेच्या सभागृहात पडद्यावर माझ्या आईचं नाव आलं. नावाखाली एका बाईचा फोटो होता. ती माझी आई नव्हती. आई वारून महिना झाला होता.

फोटोतली बाई रडत होती. डोक्यावर पदर, गालावर थेंब, मागं कचऱ्याचा ढीग. असा चेहरा आमच्या वस्तीत कुणाचा नाही. जगातही कुणाचा नाही. तो यंत्रानं तयार केलेला होता. खालचा इंग्रजी मजकूरही यंत्राचाच. गयाबाई, कचरावेचक. निरक्षर, असहाय. नवरा दारू पिऊन मारायचा. मग संस्था आली आणि तिच्या अंधाऱ्या आयुष्यात उजेड पडला.

समोर एका कंपनीच्या निधी विभागातले दोन पाहुणे बसले होते. आमच्या संचालिकेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. संस्थेत त्यांना सगळ्यांनी ताई म्हणायचं, असा नियम आहे.

"ही गयाबाईंचीच मुलगी," ताई म्हणाल्या. "आमची जिवंत केस स्टडी."

पाहुण्यांतल्या बाईंनी विचारलं, कुठपर्यंत शिकलात? मराठीत एम. ए., मी म्हणाले.

"वाटतच नाही हो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "अगदी आपल्यासारखं बोलता."

आपल्यासारखं.

या बाईंच्या कंपनीनं आधी मंजूर केलेला अर्ज मी लिहिला होता. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं इंग्रजी करणाऱ्या संस्थेतल्या सरांचं नाव त्यांना माहीत होतं.

माझं काम हे होतं. वस्त्यांमध्ये जायचं, बायकांशी बोलायचं, मराठीत लिहायचं. मग ते इंग्रजीत जायचं आणि माझं राहायचं नाही. पण पाठवण्याआधी मी एक गोष्ट करायचे. जिच्याबद्दल लिहिलं, तिच्या घरी जाऊन तिला ते वाचून दाखवायचे. ही सवय आईची. मी पहिल्यांदा एका बाईची हकिकत लिहून आणली, तेव्हा आई ओसरीवर बाटल्यांची बुचं काढत बसली होती.

"तिला वाचून दाखवलंस का?"

"नाही. का?"

"आम्ही भंगार बी इचारून उचलतो, बाई. दारात ठिवलेलं असलं तरी हाक मारतो. उचलू का, म्हणतो. तू तर तिचं समदं घरच उचलून आणलंस."

मी परत गेले. वाचलं. त्या बाईनं दोन वाक्यं काढायला लावली. एक स्वतःहून घातलं. तेच वाक्य पुढे सगळ्यांना आवडलं.

मग ताई पुण्याला एका प्रशिक्षणाला गेल्या आणि हे यंत्र घेऊन आल्या. मोबाइलवर चार ओळी घातल्या की अर्ज तयार. चहा निवायच्या आत. एक अर्ज करायचो तिथं पाच जाऊ लागले. मी वस्तीत जायचं कारणच उरलं नाही. मला रकाने भरायला दिले. नाव, वय, जात, समस्या. समस्येच्या रकान्यात जेमतेम एक ओळ मावायची. एकदा मी विचारलं, आता वाचून कधी दाखवायचं? ताई म्हणाल्या, "अगं, इंग्रजीत असतं ते. त्यांना काय कळणार?"

आईच्या आजारपणात मी रजेवर होते. फुप्फुसं गेली होती तिची. इतकी वर्षं जे श्वासातून आत गेलं, ते बाहेर आलंच नाही. घाटीत, सरकारी दवाखान्यात, मी तिच्या उशाशी बसायचे, पुस्तक उघडं ठेवून. पान उलटायचं नाही. त्याच दिवसांत ताईंनी माझ्या जुन्या नोंदी संगणकावरून उचलल्या आणि यंत्रात ओतल्या. आईबद्दल मी कधीतरी लिहिलेलं त्यात होतं. बायकांना घेऊन ती महापालिकेच्या फाटकात बसली, कचरावेचकांची ओळखपत्रं मिळेपर्यंत उठली नाही, हे होतं. तेव्हा संस्था नव्हतीच. बाप वाळूजला कंपनीत कंत्राटी कामगार होता, ते होतं. आई पहाटे कचरा वेचायच्या फेरीवर निघाली की भाकरी तो थापायचा, हेही होतं.

यंत्रानं भाकरी काढली आणि दारू घातली.

सभागृहात मी उभी राहिले. आवाज लहान आला, पण आला.

"हा फोटो माझ्या आईचा नाही. माझे वडील पीत नव्हते."

ताई हसल्या. पाहुण्यांकडे बघून म्हणाल्या, "फोटो प्रातिनिधिक आहे." पाहुणे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "आमच्याकडेही पहिली चाळणी आता यंत्रच करतं. त्याला अशी मांडणी लागते." म्हणजे लिहिणारं यंत्र, वाचणारं यंत्र. मधे मेलेली माझी आई.

पाहुणे गेल्यावर ताईंनी मला खोलीत बोलावलं. "तू हळवी झालीयेस. अजून थोडी रजा घे." मी रजा घेतली. जाताना पडद्यावरचा तो मजकूर छापून घेतला.

दुपारी बायका फेरीवरून येतात. विहाराच्या ओट्यावर सावली असते, तिथं मी बसले आणि वाचलं. इंग्रजी वाक्य मनात, मराठी तोंडात. समोर सुंदरमावशी, आईच्या फेरीची जोडीदारीण, आणि शेजारच्या शमीमखाला, भंगार निवडणाऱ्या.

खाला म्हणाल्या, "ये कौन औरत है गे? लई रोती."

"आपली गया हाय म्हणं," सुंदरमावशी म्हणाली.

"हौ? गया ने तो मुकादम कू रुलाया था."

सगळ्या हसल्या. महिनाभरात मी पहिल्यांदा हसले. मग बापाची ओळ आली. कुणी हसलं नाही. खालांनी हातातल्या पिशवीची घडी केली.

"तेरा बाप?" त्या म्हणाल्या. "वो तो पान बी नै खाता था."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी संस्थेत गेलो. अर्ज अजून गेलेला नव्हता. तो मंजूर झाला तर वस्तीत कचरा वेगळा करायला शेड होणार होती. बायका उन्हात बसतात. उन्हाळ्यात पत्र्याला हात लावला तर फोड येतो. हे मला माहीत होतं, मावशीला माझ्यापेक्षा जास्त.

ताई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला पैसे नकोत का?"

"पैशे पायजेत, ताई," सुंदरमावशी म्हणाली. "ही बाई नको."

ताईंनी उसासा टाकला. संगणक आमच्याकडे वळवला. "नाव बदलते. मग तर झालं?" आणि आमच्यासमोर बदललं. गयाबाई होतं तिथं शांताबाई आलं. बाकी सगळं तसंच. रडणं तसंच. नवरा तसाच, दारू पीत, मारत.

एवढंच लागतं. आई तिथून गेली आणि बाकी एक अक्षरही हललं नाही. तेव्हा मला कळलं, तिथं आई कधी नव्हतीच. आम्ही कुणीच नव्हतो. एक रडकी बाई त्यांना हवी होती. कुठलंही नाव तिला बसत होतं.

"माझ्या नोंदी काढून टाका," मी म्हणाले.

"त्या संस्थेच्या आहेत."

"मग मी संस्थेची नाही."

तिथंच एका कोऱ्या कागदावर राजीनामा लिहिला. मराठीत. ताई म्हणाल्या, "भावनेच्या भरात करू नकोस." मी सही केली.

अर्ज मंजूर झाला. शेड झाली. दर्शनी भिंतीवर संस्थेचा फलक आहे, फलकावर तीच बाई, रडणारी. मी मावशीला विचारलं, कसं वाटतं तिथं? ती म्हणाली, "सावली हाय, बसतो. तिच्याकडं पाठ करून बसतो." मला तिला काही म्हणायचा हक्क नाही. ऊन तिच्या पाठीवर होतं, माझ्या नाही.

आता बायकांनी स्वतःचा गट नोंदवला आहे. अर्ज मी लिहिते. इंग्रजी तेच यंत्र करतं, माझ्या मोबाइलवर. त्याच्यावर माझा राग नाही. इंग्रजीचं कुंपण घालून लोकांनी आम्हाला बाहेर ठेवलं होतं, ते त्यानं पाडलं. पण आम्ही कोण आहोत, हे त्याला विचारायचं नाही. ते मी ओट्यावर विचारते, लिहिते, वाचून दाखवते. बायका खोडायला लावतात, मी खोडते. मग यंत्र. मग यंत्राचं इंग्रजी पुन्हा मराठीत करून ओट्यावर. एकदा त्यानं आम्हाला असहाय म्हटलं. खालांनी विचारलं, "ये किस कू बोल रा?" तो शब्द गेला.

आमचा पहिला अर्ज नामंजूर झाला. कळवलं, कथेत परिणाम कमी आहे. दुसरा पाठवला आहे. त्यातही कुणी रडत नाही.

माझी आई नाही. पगार नाही. शिकवण्या घेते, त्यावर भागतं. तिसरा अर्ज लिहायला घेतला आहे. आमच्या माणसांना रडवून मी कुणाकडे काही मागणार नाही.