आईच्या खोलीची कडी

हे आता आख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. तेव्हा मात्र जीव गेला असता तरी कोणाला सांगितलं नसतं.

आईला विसरण्याचा आजार आहे. तिला सांभाळणारी बाई दुपारी एकला जायची आणि मी ठाण्याच्या ऑफिसातून सातला डोंबिवलीला पोचायचे. मधल्या वेळात आई दोनदा बाहेर पडली. दुसऱ्यांदा तर दिवा स्टेशनवर सापडली, अनवाणी. मग मी मेन दरवाजाला बाहेरून कुलूप लावायला लागले. एक दिवस दार उघडलं तर घरभर गॅसचा वास. आई हॉलमध्ये शांत बसलेली. म्हणजे आता उरली तिची खोली. आतच संडास-बाथरूम आहे, पाण्याची बाटली ठेवायची, बाहेरून कडी लावायची आणि जायचं, असं मी ठरवलं.

सुताराचं दहा मिनिटांचं काम. पण आमच्या सोसायटीचा सुतार म्हणजे चालताबोलता नोटीस बोर्ड. मुलीने आईला कोंडली, हे संध्याकाळच्या आत वरपर्यंत पोचलं असतं. नकोच ते. स्वतःच लावू म्हटलं, आणि लंच टाइममध्ये ठाण्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं.

"ताई, काय बसवायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"कपाटाच्या बिजागऱ्या," मी ठोकून दिलं.

"मग हा छोटा चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर बास. ताकद कमी, त्यामुळे लाकूड फाटत नाही. पण दाराला नाही हो चालायचा. दार असेल तर ड्रिल घ्या. आधी भोक पाडावं लागतं."

"दार नाहीये," मी जरा फटकनच म्हणाले. बटण इकडे दाबलं की स्क्रू आत, तिकडे दाबलं की बाहेर, एवढं त्याने दाखवलं आणि मी तो छोटा घेऊन आले.

आमचा फ्लॅट जुना, मागच्याच वर्षी घेतलेला. राहायला आल्यापासून आईचं एक टुमणं चालू होतं. "खोलीत एक बाई आहे गं. दार वाजवते. उघड म्हणते." मी चिडायचे. आई, पुरे झालं हां, म्हणायचे. डॉक्टरांनी असे भास होतील म्हणून सांगितलेलंच होतं.

शनिवारी दुपारी आई पलंगावर बसलेली असताना मी तिचं दार ओढून घेतलं. मोजमाप काही केलं नाही. कडी अंदाजाने खांद्याच्या उंचीवर धरली आणि पहिला स्क्रू लावला. दार सागवानी. मशीन कण्हेल, अडकेल, मग मी वैतागेन, अशी माझी तयारी होती.

स्क्रू साबणात जावा तसा आत गेला.

दुसराही गेला. तिसरा, चौथा. चौकटीवरचेही तसेच. एक स्क्रू परत काढून मी नखाने रंग खरवडला. आत पुट्टी होती. कोणीतरी ह्याच जागी, एवढीच कडी, माझ्याआधी लावलेली होती. नंतर काढली, भोकं बुजवली, वरून रंग दिला. ज्या दाराला हे मशीन चालणार नव्हतं, ते चाललं ते ह्यामुळे.

तरी मी तो स्क्रू पुन्हा बसवला. लाज वाटते सांगायला, पण बसवला. कडी सरकवून पाहिली.

आतून टकटक झाली. हळू, तीनदा.

"अहो," आई म्हणाली, "जरा उघडता का?"

जन्मात तिने मला अहो म्हटलं नव्हतं. बँकेतल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसा आवाज. मला माझी किळस आली. मी कडी काढली, दार उघडलं.

आई दारात उभी होती, पण बाहेर येईना. दार हाताने धरून ठेवलेलं. तिच्या बोटांशी, आतल्या बाजूला, रंगाखाली बारीक ओरखडे होते. खूप होते.

"ये ना बाहेर," मी म्हटलं.

"थांब गं. तिला आधी जाऊ दे. किती दिवस थांबलीये."

तिच्या मागे खोलीत कोणी नव्हतं. पंखा फिरत होता. मी बाजूला सरले. आईने जरा अंग चोरून कोणाला तरी वाट दिली, आणि मग स्वतः बाहेर आली.

बटण दुसरीकडे दाबून मी सगळे स्क्रू काढले. आईचा हात धरून तशीच खालच्या काकूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. काकूंनी आईला खुर्ची दिली, चहा टाकला. दुपारी इथेच बसत जाईल ती, म्हणाल्या.

"तुमच्या आधी तिथे मायलेकीच होत्या," त्या म्हणाल्या. "पण घरात म्हातारी आहे हे आम्हाला कुठे माहीत होतं? ती गेली, तिला खाली आणली, तेव्हा कळलं."